बाळाच्या खोलीत किती अंश?



‘नव्या घरातली नवी यंत्रं’ असा विषय आकाशवाणीतल्या मित्रांनी सुचवला, तेव्हा मी हात जोडले. म्हटलं, मी मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस. आयुष्यभर एका सहकारी बँकेत कारकुनी केली आणि उरलेल्या वेळात कविता. मला यंत्रातलं काय कळतं? मित्र म्हणाले, कळणारे रोज बोलतात, एकदा न कळणाऱ्याचं ऐकू. तेव्हा ही न कळणाऱ्याची हकीकत.

माझी थोरली लेक अमेरिकेत मिनिआपोलिसजवळच्या एका उपनगरात राहते. २०२४ च्या सप्टेंबरात तिला मुलगा झाला. बाळंतपणाला तिची अम्मी गेली आणि तीन महिने राहून परतली. दुसरी पाळी माझी. डिसेंबरच्या मध्यावर मी तिथे पोचलो. सामानात डिंकाचे लाडू, बाळाची दुपटी आणि बायकोनं हातानं शिवलेली एक वाकळ. त्या वाकळेवरून पहिल्याच रात्री बापलेकीचं वाजलं. तिकडचे डॉक्टर बजावून सांगतात, वर्षाच्या आतल्या बाळाच्या पाळण्यात सुटं पांघरूण नको, उशी नको. तोंडावर येऊन श्वास कोंडू शकतो. बाळाला पिशवीसारखा एक अंगरखा घालायचा, चेन लावायची आणि खोलीच हवी तेवढी उबदार ठेवायची. म्हणजे पांघरुणाचं काम खोलीनं करायचं. बाहेर उणे वीस! वाकळ मुकाट्यानं कपाटात गेली आणि मी विचारलं, “मग खोली उबदार आहे की नाही, हे रात्री कोण बघणार?”

लेकीनं भिंतीकडे बोट दाखवलं.

खालच्या मजल्यावर, जिन्यापाशी, तळहाताएवढी काळी काच होती. तिच्यावर आकडा. हा थर्मोस्टॅट. त्या घरांची रचना अशी, की तळघरात गॅसवर चालणारी भट्टी असते. तिथली गरम हवा पंखा पत्र्याच्या नळ्यांतून खोल्याखोल्यांत ढकलतो आणि ती जमिनीतल्या जाळ्यांतून वर येते. थर्मोस्टॅट स्वतः काही तापवत नाही. तो नुसता मुकादम. हवा गार झाली की भट्टीला ‘पेट’ म्हणतो, झालं की ‘थांब’ म्हणतो.

हा मुकादम त्याच मुलखातला, हे मला तिथे गेल्यावर वाचनात कळलं. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर गावी शिक्षकांच्या विद्यालयात वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. भट्टी तळघरात, वर्ग वरच्या मजल्यावर. शिपाई सारखा वर्गात यायचा, तापमान बघायचा आणि शिकवण्यात खंड पडायचा. वैतागून त्यांनी एक विजेचं साधन केलं. वर्ग गार झाला की तळघरात घंटी वाजायची. १८८३ साली त्यांना त्याचं पेटंट मिळालं. १८८५ मध्ये खुद्द मिनिआपोलिसमध्ये अल्बर्ट बुट्झ यांनी भट्टीचं झाकण आपोआप उघडझाप करणारं यंत्र आणलं. त्यांच्या कंपनीतून पुढे हनीवेल उभी राहिली. तिचा १९५३ चा गोल थर्मोस्टॅट अमेरिकेत घरोघरी गेला. आत दोन धातूंची एक गुंडाळी आणि पाऱ्याची कुपी, बस्स. गरमीनं गुंडाळी सुटायची, पारा कलंडायचा, भट्टी बंद. त्यात बिघडायला काही नव्हतं असं म्हातारे लोक तिथेही म्हणतात. आपल्याकडे जसं जुन्या सायकलीबद्दल म्हणतात तसं.

पण त्या गोल यंत्राला जिन्यापाशी काय चाललंय एवढंच कळे. वरच्या कोपऱ्यातली खोली गारठली तरी त्याला पत्ता नाही. म्हणून आता सेन्सर आले. काडेपेटीहून थोडा मोठा पांढरा ठोकळा, आत घड्याळात घालतात तसला चपटा सेल. असे ठोकळे खोल्यांत ठेवायचे. ते दर काही मिनिटांनी आपापल्या खोलीचं तापमान थर्मोस्टॅटला बिनतारी कळवतात. लेकीकडे असे दोन होते, एक बाळाच्या खोलीत, एक नवराबायकोच्या खोलीत. जावयानं लावून दिलं होतं की दिवसा जिन्यापाशीचं तापमान धरायचं आणि रात्री फक्त बाळाच्या खोलीचं. रात्रीचा आकडा ७१. फॅरनहाइट, बरं का. आपल्याकडे फॅरनहाइट उरलंय ते तापापुरतं, त्यामुळे ७१ म्हटलं की मला वाटे, हे तर मेलेल्या माणसाचं तापमान! आपल्या हिशोबात ते २२ अंशांच्या जवळ जातं.

आता गोष्ट सुरू होते. डिसेंबरच्या अखेरीस जावई कामासाठी टेक्सासला गेले आणि दुसऱ्याच रात्री लेकीच्या फोनवर बाळाच्या खोलीपुढे आकड्याऐवजी दोन आडव्या रेघा आल्या. सेन्सर गप्प. सकाळी अकराला तो परत बोलायला लागला, रात्री पुन्हा गप्प. लेक घाबरी झाली, कारण सेन्सर गप्प झाला की थर्मोस्टॅट त्याला सोडून देतो आणि जिन्यापाशीच्या हवेवर भट्टी चालवतो.

रात्री जातो आणि दुपारी येतो म्हटल्यावर मला आमच्या लहानपणचा ट्रान्झिस्टर आठवला. सेल उतरले की सकाळी सांगली केंद्र खरखरायचं. मग वडील सेल उन्हात ठेवायचे आणि दुपारी थोडा वेळ गाणी लागायची. मी म्हटलं, “सेल उतरलाय.” लेक हसली, पण निघालं तेच. ठोकळा खिडकीच्या कठड्यावर ठेवला होता. रात्री ती काच बर्फासारखी गार. सेल आधीच संपत आलेला, त्यात थंडी. थंडीत असल्या सेलचा जोर आणखी उतरतो. शिवाय खिडकीत ठेवलेला सेन्सर खोलीचं नव्हे, खिडकीचं तापमान सांगणार. आणि दिवसा ऊन आलं की उलटं खोटं बोलणार.

मी तो उचलून कपाटावर ठेवला. पुन्हा रेघा! कपाट पत्र्याचं. रेडिओच्या लहरींना पत्रा आडवा आला की त्या थबकतात. आरसा, फ्रिज, गरम हवेच्या पत्र्याच्या नळ्या, भिंतीत कापसाबरोबर घातलेला चांदीसारखा कागद, सगळ्यांचं तेच. डब्यावर अंतर पन्नास-साठ फूट लिहिलेलं असतं, ते मोकळ्या जागेतलं. मधे जिना आणि तीन भिंती आल्या की ते कागदावरच राहतं.

फोनवरून जावई म्हणाले, “अब्बा, दोन्हींचे सेल बदलून टाका. एकाचा संपला तर दुसऱ्याचाही संपतच आला असेल.” शहाणपणाची गोष्ट. मी दोन्ही ठोकळे खाली स्वयंपाकघराच्या टेबलावर आणले, चष्मा लावला, नखानं झाकणं काढली. पहिला सेल बसवूनही ठोकळा जागा होईना. सेल नवा, अधिकची बाजू वर, सगळं बरोबर. मग कळलं की लहान मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलना कडू लेप लावलेला असतो आणि काही यंत्रांत तो लेपच वीज अडवतो. दुसऱ्या बनावटीचे सेल आणले, दोन्ही ठोकळे बोलू लागले. कडू लेपाची चेष्टा करू नका. असा सेल बाळाच्या घशात अडकला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. काढलेले सेल मी मोजले, चिकटपट्टीत गुंडाळले आणि वरच्या फळीवर ठेवले. एवढी काळजी घेतली आणि मग ठोकळे नेऊन खोल्यांत ठेवले. बाळाच्या खोलीतला लाकडी फळीवर, आतल्या भिंतीला, छातीच्या उंचीवर. दोन्ही खोल्यांपुढे आकडे आले. जावयांनी शाबासकी दिली आणि मी दोन दिवस इंजिनिअरसारखा वावरलो.

मधेच एक गंमत झाली. लेक बाळाला घेऊन डॉक्टरकडे गेली होती आणि मी वरच्या खोलीत खुर्चीत बसून एका कवितेच्या ओळीशी झगडत होतो. तीनएक तास गेले असतील. बोटं गार पडली म्हणून उठलो, तर घर थंड पडत चाललेलं. थर्मोस्टॅट म्हणत होता, ‘घरात कोणी नाही’. त्या ठोकळ्यांना माणसाची हालचाल टिपणारा डोळाही असतो. बराच वेळ काही हललं नाही की घर रिकामं समजून यंत्र काटकसर सुरू करतं. कविता करणारा माणूस हलत नाही, हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. घरी बायकोला ही गोष्ट सांगितली, तर ती म्हणाली, “यंत्राला तीन तासांत कळलं, मला तीस वर्षं लागली.” झोपलेलं बाळही हलत नाही, हे मात्र माझ्या लक्षात राहिलं. जावयांनी ती सोय रात्रीपुरती आधीच बंद ठेवली होती. ज्यांच्या घरी ती चालू असेल त्यांनी एकदा बघावं.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात खरी थंडी उतरली. उणे वीसच्याही खाली. नाकातले केस गोठतात हे मी पुस्तकात वाचलं होतं, तिथे ते स्वतःच्या नाकानं पाहिलं. आणि त्या आठवड्यात बाळ बिघडलं. रात्री दोनला उठायचं, रडायचं, घेतलं की गप्प, ठेवलं की पुन्हा रडणं. लेक बाळंतपणाची रजा संपवून घरूनच काम करत होती. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं. पोट दुखतं का, दूध पुरत नाही का, कान दुखतो का? डॉक्टरांनी तपासून काही नाही सांगितलं. ती माझ्याशी बोलताना चिडायला लागली, मग माफी मागायची, मग पुन्हा चिडायची. नवरा दूर, आई सात समुद्रांपलीकडे आणि बाप कवी.

मी पहाटे फजरला उठायचो. बाळाच्या खोलीत मोकळी जागा होती, म्हणून तिथेच दबक्या पावलांनी जानमाज अंथरायचो. त्या दिवशी सजद्यात कपाळ टेकलं आणि चटकन लक्षात आलं की जमीन गार आहे. आणि सलाम फेरून बसलो तेव्हा हवाही गार. बाळाच्या मानेला हात लावला. हात-पाय बघून कळत नाही, ते एरवीही गार असतात. मान आणि छाती बघायची, हे मला लेकीनंच शिकवलं होतं. मान हवी तेवढी गरम नव्हती.

लेकीला उठवून सांगितलं. आमची घरातली बोली दखनी, मी तुम्हाला मराठीत सांगतो. तिनं फोन बघितला. “अब्बा, ७१ आहे. हे बघा, ‘बाळाची खोली, ७१’. खाली गॅरेज आहे म्हणून जमीन गार लागते. आणि तुम्ही मिरजेचे, तुम्हाला इथे सगळंच गार लागणार.” तिचं म्हणणं चूक नव्हतं. गॅरेजवरची खोली गार असते हे तिकडे सगळ्यांना माहीत असतं. आकडा तिच्या हातात होता आणि माझ्याकडे फक्त कपाळ. मी गप्प बसलो. पण त्या रात्री बाळ पुन्हा दोनला उठलं.

खोलीचं तापमान मोजायला घरात दुसरं काही नव्हतं. ताप मोजायचं यंत्र खोलीची हवा मोजत नाही, नुसतं ‘कमी’ असं दाखवून मोकळं होतं. मी जिन्यात बसून विचार करत होतो. आमच्या मिरजेत सतारमेकरांची गल्ली आहे. लहानपणी मी तिथे तासन्‌तास उभा राहायचो. सतार बेसूर येते अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक आलं, तर उस्ताद सगळ्या तारांना हात लावत नसत. एकच तार छेडायची आणि कान कुठे जातो ते बघायचं. बाकीच्या तारा तशाच. मग दुसरी. मी म्हटलं, आपण एकच ठोकळा छेडून बघू.

लेक बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. मी बाळाच्या खोलीतला सेन्सर फळीवरून उचलला आणि मुठीत घट्ट धरला. तिला म्हटलं, “फोन बघ. माझ्या मुठीत हा ठोकळा तापतोय. ‘बाळाची खोली’ हा आकडा वर चढायला हवा.” ती म्हणाली, “अब्बा, रात्रीचे अडीच वाजलेत.” मी म्हटलं, “असू दे. पाच-दहा मिनिटं.”

पाच मिनिटं गेली. बाळाची खोली ७१. आणखी काही मिनिटं गेली. ७१. माझी मूठ घामेजली. सेन्सर बंद पडला म्हणावं तर रेघा नाहीत. मग लेक एकदम म्हणाली, “अब्बा, खालचा आकडा वाढतोय.” खालच्या ओळीत लिहिलं होतं, ‘आमची खोली’. ती ६३ वरून ६६ झाली, मग ७०, मग ७५. आकडा स्वतःच्या खोलीचा म्हणून ६३ दिसत होता आणि त्या खोलीत ती रोज पांघरूण लाथाडून झोपत होती. पण तो तिनं बघितलाच नव्हता. ती फक्त वरची ओळ बघायची.

ठोकळ्यांची अदलाबदल झाली होती. बाळाच्या नावाचा ठोकळा आईबापांच्या उबदार खोलीत बसून ‘७१, सगळं ठीक’ म्हणत होता, भट्टी त्याचं ऐकून थांबत होती आणि बाळाची खोली ६३ वर, म्हणजे आपल्या १७ अंशांवर, पांघरुणाशिवाय. डिसेंबरात थंडी बेताची होती तोवर फरक थोडा होता. जानेवारीत तो उघडा पडला.

अदलाबदल कोणी केली, हे मला लेकीच्या आधी कळलं. स्वयंपाकघराचं टेबल, दोन सारखे पांढरे ठोकळे, चष्मा, कडू सेल, आणि मग दोन हातांत दोन ठोकळे घेऊन जिना चढणारा मी. कोणता कुठला, हे मी पाहिलंच नव्हतं. त्यांच्यावर नाव नव्हतं. नाव होतं ते फोनमध्ये. खरं सांगतो, क्षणभर मनात आलं की बोलू नये. आत्ता कुठे मी बरोबर ठरलो होतो. यंत्राच्या आकड्यापुढे बापाचं कपाळ खरं निघालं होतं. एवढा मान मुलांकडून या वयात रोज मिळत नाही.

मी सांगितलं. म्हटलं, “बेटा, सेल बदलले तेव्हा मीच उलटसुलट ठेवले. आठ दिवस तुझं पोर माझ्यामुळे गारठलं.” ती काही बोलली नाही. बाळ माझ्याकडे दिलं, माझ्या हातातला ठोकळा घेतला, तिच्या खोलीत गेली आणि दुसरा घेऊन आली. तो फळीवर ठेवला. थोड्या वेळानं फोनवर ‘बाळाची खोली’ ६८ वर आली, ६६ वर आली आणि खाली तळघरात भट्टी पेटल्याचा घुमारा झाला. जाळीतून गरम हवा माझ्या पायांना लागली. बाळ माझ्या खांद्यावर झोपलेलं. लेक भिंतीला टेकून बसली आणि रडायला लागली. थोडं हसू, जास्त रडू. म्हणाली, “मला वाटत होतं, माझंच काहीतरी चुकतंय.” मी तिला जवळ घेतलं. दोघांना एका वेळी घ्यायला माझे हात कमी पडले.

सकाळी तिनं चिकटपट्टीचे दोन तुकडे कापून दोन ठोकळ्यांच्या पाठीवर लावले. एकावर मला लिहायला सांगितलं. मी मराठीत ‘बाळ’ लिहिलं. दुसऱ्यावर तिनं स्वतः इंग्रजीत लिहिलं, कारण जावयांना मराठी वाचायला वेळ लागतो, ते हैदराबादकडचे. त्यांना फोनवर सगळं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, “अब्बा, चूक माझी. एकेक बदला म्हणायला हवं होतं.” जावई सभ्य आहेत.

एवढ्यानं खोली पूर्ण सुधारली असं नाही. रात्री बाळाच्या खोलीत ७१ यायला लागले, पण त्यासाठी आईबापांची खोली ७८ वर जायची आणि गॅसचं बिल वाढलं. सेन्सर भट्टीला निरोप देतो, भिंतीला अस्तर लावत नाही. फेब्रुवारीत एक कारागीर आला. त्यानं गॅरेजचं छत एका कोपऱ्यात कापून वर विजेरी मारली. बाळाच्या खोलीच्या तक्तपोशीखाली थंडी अडवायला जो कापूस भरलेला असायला हवा, तो सुटून खाली लोंबत होता आणि मधून वारा फिरत होता. तिथूनच त्या खोलीत गरम हवा नेणारी पत्र्याची नळीही गेली होती, तिचा सांधा निखळलेला. म्हणजे बाळाच्या वाटणीची ऊब इतके दिवस गॅरेजमधल्या मोटारीला मिळत होती. सांधा बसवायला त्याला वीस मिनिटं लागली, कापूस भरायला दुपार गेली.

मार्चमध्ये मी निघालो, तेव्हा भाच्याचा निरोप होता, ‘मामू, येताना तसला एक सेन्सर आणा.’ आणला नाही. तिकडचे असे ठोकळे ज्या लहरींवर बोलतात, त्यांतल्या काहींचा पट्टा ९१५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा असतो आणि आपल्याकडे बिनपरवाना वापराचा पट्टा ८६५ पासूनचा. शिवाय मिरजेला एप्रिलात भट्टी पेटवून करायचं काय? वाकळ मात्र मी परत आणली नाही. ती लेकीच्या कपाटात आहे. बाळ वर्षाचं झालं की काढू, असं ठरलं होतं. सप्टेंबरात फोटो आला. वाकळ जमिनीवर अंथरलेली, तिच्यावर नातू उभा राहायच्या खटपटीत आणि मागे फळीवर तो पांढरा ठोकळा.